मिळून आली

पोलिसी मराठीत एक क्रियापद आहे, ते बाहेर सहसा ऐकू येत नाही. छाप्यानंतरच्या पंचनाम्यात गांजा मिळून येतो, रोख रक्कम मिळून येते, दोन मोबाइल मिळून येतात आणि त्याच ओघात एक महिला मिळून येते. तिला कुणी आणलं, कुठून आणलं, किती वर्षांची असताना आणलं, हे त्या क्रियापदाला विचारता येत नाही. ती तिथे होती, एवढंच ते सांगतं. पुढच्या ओळीत मात्र लिहिणाऱ्याला एक शब्द निवडावा लागतो. 'पीडित' किंवा 'आरोपी'. बाई तीच, खोली तीच, वेळही तीच. तिची पुढची तीस-चाळीस वर्षं त्या शब्दावर बेतलेली असतात आणि तो लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

नागपूरकराला या विषयासाठी लांब जावं लागत नाही. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन लोहमार्ग या शहरात एकमेकांना छेदतात. संत्री, कोळसा आणि माणसं सगळी इथूनच जातात, आणि माणसांतली काही स्वतःच्या मर्जीने जात नाहीत. इतवारीच्या अंगाला गंगा जमुना ही देहविक्रयाची वस्ती आहे. तिचं वय सांगणारे भोसल्यांच्या काळापर्यंत मागे जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी ही वस्ती सील केली. गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लागले. कार्यकर्त्या ज्वाला धोटे वस्तीतल्या बायकांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. आजूबाजूच्या रहिवाशांना वस्ती नको होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. वस्ती राहावी की जावी, यावर शहरात तेव्हा बरंच बोललं गेलं. पण आजवर इथून ज्या बायका गाडीत बसवून कोर्टात नेल्या गेल्या आणि दंड भरून परत आल्या, त्यांच्या नावापुढे काय लिहिलेलं आहे आणि ते कधी पुसलं जाणार, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारला नव्हता. मी तोवर 'सुटका' हा शब्द बिनधास्त वापरत असे. 'पोलिसांनी पाच महिलांची सुटका केली' अशी बातमी वाचली की आपल्या मनात गोष्ट संपते.

ज्याला ठाण्यात आणि कोर्टात सगळे 'पिटा' म्हणतात तो अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा १९५६ चा. १९५० मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली, म्हणून तो आला. तेव्हा त्याच्या नावात 'स्त्रिया व मुली' होत्या आणि 'दमन' होतं. १९८६ मध्ये नावातून स्त्रिया-मुली गेल्या, मजकुरात त्यांच्या जागी 'व्यक्ती' आल्या आणि दमनाचं 'प्रतिबंध' झालं. या कायद्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, त्याच्या कमाईवर जगणं, बाईला त्यात आणणं, हे गुन्हे आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, छान, बाई सुटली. मग कलम ७ आणि ८ येतात. मंदिर, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून २०० मीटरच्या आत, किंवा आयुक्तांनी अधिसूचित केलेल्या सार्वजनिक ठिकाणी हा व्यवहार झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. जुन्या शहरात देवळापासून २०० मीटरच्या बाहेरची जागा कुणी मला दाखवून द्यावी. कलम ८ गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल आहे. शब्दांनी, खुणांनी, खिडकीत किंवा सज्जात बसूनसुद्धा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. हेच कृत्य पुरुषाने केलं तर सात दिवसांपासून तीन महिने. खिडकी तीच असली तरी बसणारी बाई असेल तर शिक्षेची कमाल मर्यादा दुप्पट होते, आणि हे कायद्याच्या छापील पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे.

आता कोर्टातली सकाळ पाहा. 'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नाला तिच्याकडे दोन उत्तरं असतात. 'नाही' म्हटलं तर तारीख, जामीनदार, वकील, पुन्हा तारीख. 'कबूल' म्हटलं तर काही शे रुपये आणि संध्याकाळपर्यंत घरी. घर म्हणजे जिथून उचललं ते. दंड भरणारा माणूस पुष्कळदा मालकिणीचाच असतो आणि ती रक्कम तिच्या आधीच्या कर्जावर चढते. म्हणजे ज्या कर्जाने तिला बांधून ठेवलं ते कर्ज त्या दिवशी सरकारी पावतीने वाढतं. कबुली दिल्यावर अपिलाचं दारही जवळपास बंद होतं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३७५ आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ सांगतं की कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच. मला इथे आणलं होतं, माझ्या मुलाला दुसरीकडे ठेवलं होतं, म्हणून मी त्या खिडकीत बसले, हे सांगायची जागा त्या एका 'हो'मध्ये संपून जाते.

याच कायद्याखाली पकडलेल्या गिऱ्हाइकाचं काय होतं? तो वकील करतो आणि उच्च न्यायालयात जातो. 'पिटा'ची कलमं नुसत्या गिऱ्हाइकाला लागू होत नाहीत, असं म्हणत अनेक उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबरही असेल. पण एकाच छाप्यातला पुरुष कोरा होऊन घरी जातो आणि बाई पाचशेच्या आत शिक्षापात्र होते, हा फरक कलमांचा नाही. फरक वकिलाच्या फीचा आहे.

आपल्याकडे भोग भोगून संपतो असं मानतात. कर्म कितीही वाईट असो, फळ भोगलं की खातं मिटतं; चित्रगुप्ताच्या वहीलाही शेवटचं पान असतं. सरकारी वहीला ते नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे, कोणत्याही कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाची बोटांचे ठसे, छायाचित्रं वगैरे मापं घेता येतात आणि ती ७५ वर्षं जपून ठेवता येतात. निर्दोष सुटलेल्याची, आधीची शिक्षा नसेल तर, नष्ट करायची. दोषी ठरलेलीची ठेवायची. एका बाजूला ५०० रुपये, दुसऱ्या बाजूला ७५ वर्षं. अठरा-एकोणीसच्या वयात कबूल म्हटलेली मुलगी नव्वदी ओलांडेल तेव्हा तिची पाटी कोरी होईल. तोवर कुठल्या दवाखान्यात आयाची नोकरी, कुठल्या संस्थेत मदतनीस, कुठल्या कंपनीत सफाईचं काम मागितलं की 'चारित्र्य पडताळणी' येणार. या शब्दातलं 'चारित्र्य' बाईच्या बाबतीत किती वेगळं ऐकू येतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मुलं यातून सुटतात, हे खरं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की अठराच्या आतल्या मुलाला दोषसिद्धीमुळे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही; ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या. अपवाद सोळा-अठरामधल्या गंभीर गुन्ह्यांचा. म्हणजे पाटी पुसता येते, हे आपल्या कायद्याला माहीत आहे. फक्त वय लागतं. आणि मुलीला आणणाऱ्यांनी तिला पहिल्यांदा काय शिकवलेलं असतं, तर कुणी विचारलं की एकोणीस सांगायचं. हाडांच्या तपासणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. मग ती कागदावर प्रौढ होते आणि कलम २४ तिच्या शेजारून निघून जातं.

प्रौढांसाठी सौम्य वाट म्हणजे परिविक्षा. ताकीद द्यायची, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं कलम १२ तर सांगतं की अशा सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. पण त्याच कायद्याचं कलम १८ मोजके कायदे नाव घेऊन बाजूला ठेवतं आणि त्यात १९५६ चा हा कायदा आहे. हरकत नाही, मूळ १९५६ च्या कायद्यात परिविक्षेचं आपलं स्वतंत्र कलम १० होतं. ते नंतर वगळलं गेलं. त्याच्याजवळ कलम १०-अ आलं: दोषी बाईला सुधारसंस्थेत दोन ते पाच वर्षं. कुणा दुष्टाने बसून हे केलं असं मला वाटत नाही. बाईला सुधारलं पाहिजे, ही कळकळ त्यामागे होती. सुधारण्याच्या कळकळीने बाईचं किती नुकसान होतं याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

ही नोंदवहीची सवय जुनी आहे. नागपूरच्या शेजारची कामठी १८२१ पासूनची छावणी. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने इंग्रजांनी गोऱ्या शिपायांसाठी बायकांची नोंदणी सुरू केली. नाव लिहायचं, ठरल्या दिवशी तपासणी, आजार आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचं. आजार ज्याच्याकडून आला त्या शिपायाचं नाव त्या वहीत नसे. १८६८ चा कायदा १८८८ मध्ये गेला. १८७१ च्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये मोकळ्या झाल्या म्हणतात. विदर्भातल्या एखाद्या पारध्याला विचारा, चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर येतात. कायदा रद्द करणं सोपं आहे. वही कुठे रद्द होते?

इथे मला अहल्या आठवते. मराठी घरात ती शिळा होऊन पडलेली आणि रामाच्या पायधुळीने उठलेली अशीच भेटते. इंद्राने गौतमाचं रूप घेतलं, तिला कळलं नाही, ती निर्दोष होती. वाल्मीकीच्या बालकांडात गोष्ट अशी सरळ नाही. तिथे अहल्येला मुनीच्या वेषातला इंद्र ओळखू आलेला आहे. आणि तिथे ती शिळाही होत नाही. वारा खाऊन, राखेत, कुणाला न दिसता हजारो वर्षं राहते. पुढच्या सांगणाऱ्यांना हे जड गेलं असावं. उद्धार व्हायचा तर ती फसलेली हवी, पूर्ण फसलेली. म्हणून तिचं कळणं काढून टाकलं. वाल्मीकीच्या रामाने मात्र चौकशी केली नाही. उलट राम-लक्ष्मणांनी तिच्या पायांना हात लावला.

न्यायाच्या दारात आजही आपण नंतरचीच अहल्या मागतो. पूर्ण फसलेली, एकदाच फसलेली, पहिल्या संधीला पळालेली आणि आणणाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार असलेली. कायद्याच्या कागदावर तसं नाही. मानवी व्यापाराचं जुनं कलम ३७०, आजच्या न्याय संहितेतलं १४३, स्पष्ट म्हणतं की व्यापार झाला की नाही हे ठरवताना पीडितेची संमती गैरलागू. पण तिलाच आरोपी केलं की दुसरा नियम लागतो. धाकापोटी केलेल्या कृत्याचा बचाव न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये आहे आणि त्याची अट आहे तत्काळ मृत्यूची भीती. माणसांच्या व्यापारात सुरा गळ्यावर क्वचितच असतो. गावच्या घराचा पत्ता असतो, मोबाइलमधला फोटो असतो, दुसऱ्याच्या ताब्यातलं दोन वर्षांचं पोर असतं, आणि न फिटणारं कर्ज असतं. यातलं काहीच तत्काळ नाही. म्हणूनच ते दहा वर्षं पुरतं.

सगळ्यात अवघड प्रकरण मी टाळत आलो, ते आता घेतो. पंधराव्या वर्षी आणलेली मुलगी तिशीला येते. कर्ज फिटल्याचं कुणीतरी सांगतं. जायला घर नाही. तिला नव्या मुलींवर लक्ष ठेवायला सांगतात. पैसे मोजायला, दार लावायला. पुढच्या छाप्यात ती 'घरवाली' म्हणून पकडली जाते आणि कलमं लागतात ती ३, ४ आणि ५. आतल्या खोलीतली मुलगी पंधरा वर्षांची आहे. आता बोला. पीडित कोण, ते उघड आहे. पण दाराशी बसलेलीला फक्त आरोपी म्हणून मला पुढे जाता येत नाही, आणि तिला माफ करा असं त्या आतल्या मुलीसमोर मला म्हणता येणार नाही. न्यायालयाने हे दोन्ही एकाच निकालपत्रात लिहावं, शिक्षा ठरवताना तिच्या पंधराव्या वर्षापासून सुरुवात करावी, इतपत माझी मजल जाते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याचं कलम ४५ गुलामगिरीत भाग पडून केलेल्या गुन्ह्यांना बचाव देतं, पण गंभीर गुन्ह्यांची एक लांब यादी त्यातून वगळतं. ती यादी वाचताना मला तो कायदा लिहिणाऱ्यांच्याही मनातली ही घालमेल दिसली.

सोप्या प्रकरणांत मात्र घालमेलीचं कारण नाही. व्यापारात ओढल्या गेलेल्या माणसाला त्या ओढण्यातूनच घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नको, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २००२ मध्ये मांडलं. युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात ते कलम २६ म्हणून आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये पुढचं पाऊल टाकलं: झालेली दोषसिद्धीच मागे जाऊन रद्द करायची. त्या कायद्यातली एक बारीक तरतूद मला सगळ्यात शहाणी वाटते. पीडित असल्याचा सरकारी कागद असेल तर न्यायालय तसं गृहीत धरतं. पण कागद नसला म्हणून अर्ज अडत नाही. सरकारी कागद कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे तो कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

आपणही एकदा जवळ गेलो होतो. २०१८ चं मानवी व्यापारविरोधी विधेयक २६ जुलैला लोकसभेत संमत झालं. त्यात पीडितांना शिक्षेपासून संरक्षण होतं, पण कशासाठी? फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांची कैद असलेल्या गुन्ह्यांसाठी. धाकाखाली खून झाला तर संरक्षण मागता येईल, धाकाखाली खिडकीत बसली तर नाही. विधेयक राज्यसभेत आलंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर बुडालं. २०२१ चा नवा मसुदा मसुदाच राहिला.

उच्च न्यायालयांनी मधल्या काळात जमेल तेवढं केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सोडलं. मालाडच्या छाप्यात त्या सापडल्या होत्या. त्यांच्यावर खटला नव्हता, त्या पीडित होत्या, आणि तरी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभर सुधारगृहात ठेवायचा आदेश दिला होता. देहविक्रय हा कायद्याने गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असं डांबता येत नाही, असं त्या निकालात आहे. निकाल चांगलाच आहे. पण कायद्याच्या ग्रंथांत तो त्या तिघींपैकी एकीच्या पूर्ण नावाने ओळखला जातो. बलात्काराच्या खटल्यात पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. इथे तिचं नाव निकालाचं शीर्षक झालं. मी ते लिहीत नाही. याउलट १ मे १९५८ ला, 'पिटा'चा पूर्वावतार अमलात आला त्याच दिवशी, अलाहाबाद उच्च न्यायालयात हुस्नाबाई नावाच्या तरुणीने त्याच कायद्याला आव्हान दिलं होतं. तिचा अर्ज फेटाळला गेला, पण नाव तिने स्वतःहून लिहिलं होतं. ते मी लिहितो.

२०२२ च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या सन्मानाबद्दल आदेश दिले. खंडपीठात न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि बोपण्णा यांच्याबरोबर भूषण गवई होते, ज्यांची वकिली नागपूर खंडपीठासमोर घडली. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांसाठी सुधारगृहांची पाहणी करा, पोलिसांना वागणूक शिकवा, माध्यमांनी ओळख उघड करू नये, असं त्यात आहे. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या ज्या शिफारशींना केंद्राने हरकत घेतली त्या बाजूला राहिल्या. जुन्या दोषसिद्धी पुसण्याबद्दल त्यात काही नाही.

हा प्रश्न फक्त बायकांचा आणि फक्त वस्तीचा राहिलेला नाही. म्यानमारच्या सीमेवरच्या फसवणुकीच्या कंपाउंडांतून मार्च २०२५ मध्ये शेकडो भारतीय तरुणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. नोकरी म्हणून नेलं आणि मारझोड करून त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन लुबाडून घेतलं. ते पीडित आहेत की सायबर गुन्हेगार? लुबाडला गेलेला पेन्शनर खरा आहे, मारही खरा आहे. कायद्यात यासाठी कलम असतं तर तपास अधिकाऱ्याला स्वतःच्या दयेवर विसंबावं लागलं नसतं.

एका कलमाचं काम आहे. विधिमंडळ दर हिवाळ्यात नागपूरला येतं, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही दुरुस्ती मांडता येते. ते होईल तेव्हा होवो. तोवर जिल्हा न्यायालयात उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलांना माझी विनंती आहे. सकाळच्या गर्दीत अशी बाई दिसली तर तिने 'कबूल' म्हणण्याआधी पाच मिनिटं तिच्याशी बोला, आणि तिला कुणी आणलं ते विचारा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली तिला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दोनदा आहे: खंड 'ख'मध्ये मानवी व्यापाराची पीडित म्हणून, आणि खंड 'ग'मध्ये नुसती बाई म्हणून.